द्विवचनी चेहरा

८ डिसेंबर, सोमवार
रोज एक सेल्फी! फिजिओवाल्या रुबीनाचा हुकूम. आधी गाल फुगवायचे, मग शीळ घालायची, मग फोटो. "मॅडम, आरशात फरक नाई दिसत, फोटोत दिसते." वय अठ्ठावीस, तोंड सरळ. तिचं काय जातं?

लकव्याला पाच महिने झाले. मी हसले की उजवी बाजू हसते, डावी बसून पाहते. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन असतं — द्विवचन. बाबांनी हट्टाने एम.ए. करायला लावलं, "आपल्या जातीले शिकू नका म्हणत होते न, तेच शीक." द्विवचनाची रूपं घोकताना वाटायचं, हे कुणाच्या कामाचं? आता कळलं. माझा चेहरा द्विवचनी झाला आहे.

९ डिसेंबर
सेल्फी काढला नाही. चपलांचा काढला.

११ डिसेंबर
पेपरच्या ऑफिसातून फोन. वार्ताहराच्या नव्या ओळखपत्रासाठी ताजा फोटो हवा. मी दहा वर्षांपूर्वीचा पाठवला होता.
"ताई, हा तर तुमच्या मुलीचा वाटते."
मला मुलगी नाही.
एकतीस तारखेपर्यंत फोटो नाही तर कार्ड नाही. कार्ड नाही तर बातम्याही नाहीत. एकवीस वर्षांचं काम एका गालावर येऊन अडलं!

१४ डिसेंबर
राइस मिलचं जुनं दार. एक फळी सताड उघडी, दुसरी गंजून जागच्या जागी. उघड्या बाजूने ऊन आत आलेलं, त्यात कोंड्याची धूळ सोन्यासारखी उडते आहे. दोन्ही फळ्या उघडल्या असत्या तर हा फोटो झालाच नसता. बातमीसाठी हजारो फोटो काढले आजवर — फीत कापणारे हात, व्यासपीठावरचे हार. कारण नसताना काढलेला हा पहिलाच!

रुबीनाला दाखवला.
"मॅडम, यात तोंड कुठी आहे?"
"दाराचं आहे."

१७ डिसेंबर
शेजारच्या बायनाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. "साऱ्या गावाचे फोटो काढून राह्यली. माहाच काऊन नाई?"
काढला. समोरचे दोन दात नाहीत, हसतात मात्र बत्तिशी असल्यासारख्या.

घरी मोठा करून पाहिला. त्यांचं हसू उजवीकडेच वर चढतं! डावीकडे नाही. लकवा नाही, काही नाही. पोस्टकार्डाने आधी चेहऱ्याचा एक अर्धा भाग झाकला, मग दुसरा. दोन वेगळ्या बाया! एक लबाड, एक सोशिक. मग नादच लागला. चहावाले फारूकभाई, पोस्टमन, बसचा कंडक्टर — मोबाइलात होते नव्हते ते सगळे झाकून पाहिले.

एकही चेहरा एकवचनी नाही. आणि हे व्याकरण मला पन्नाशीत कळावं!

२१ डिसेंबर
वडशात नाटकांचा मोसम भरात. बातमीसाठी एका नाटक मंडळीच्या ऑफिसात गेले, गालावर पदर घेऊन. तिथे लटारू — विनोदी नट, नुसता उभा राहिला तरी लोक हसतात.
"बाई, पदर काऊन धरला? दात दुखून राह्यला का?"
काढला पदर. म्हटलं, पाहा काय पाहायचं ते.
त्याने पाहिलं. मग एकदम हात जोडले. "हे तोंड मले शिकवा न, बाई! बारा वर्सं झाली कॉमेडी करून राह्यलो, पण माह्या दोन्ही बाजू सोबतच पळतेत."

राग यायला हवा होता. वाट पाहिली, आला नाही. म्हटलं, "पाच महिन्यांची साधना आहे. गुरुदक्षिणा लागेल." गडी आरशासमोर बसला. तास झाला तरी जमेना — लिंबू चावलेला घोडा! मी हसले. मोठ्याने. जुलैनंतर पहिल्यांदा चारचौघांत, तोंडावर हात न ठेवता.

२८ डिसेंबर
बायनाबाईंच्या हातात मोबाइल दिला.
"मले येते का हे?"
"इथे दाबा फक्त." मग लटारूचा घोडा करून दाखवला. त्या हसल्या, मी हसले, त्यांनी दाबलं. कोपऱ्यात त्यांचं बोट आलं आहे. माझा उजवा गाल वर, डावा आपला निवांत. बराच वेळ पाहत राहिले. पोस्टकार्डाची आठवणच झाली नाही.

ओळखपत्रासाठी ऑफिसला पाठवून टाकला. शेजारच्या आळीतले रामाजी काल गेले, वय नव्वद. त्यांच्या निधनाची बातमी आणि फोटोही त्याच मेलने पाठवला.

३० डिसेंबर
अंक आला. 'रामाजी यांचे वृद्धापकाळाने निधन' — आणि वर मी, हसते आहे! चूक माझीच, दोन्ही फोटोंना नाव द्यायचं राहिलं. रामाजींच्या घरी जाऊन माफी मागितली. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या, ताई. बाबा असा हसला असता तं आम्हाले चाललं असतं."
बायनाबाईंनी अंक निरखून पाहिला. "माहं बोट कापलं त्यायनं!"

ऑफिसला दुरुस्ती कळवली: फोटोखालचं नाव चूक. वय चूक. निधन तर फारच चूक.

चेहरा बरोबर आहे.