खडखडीत वडी

घरच्या सरकारास वाकून नमस्कार.

कारखान्याच्या सांडपाण्याचा दहा टँकर गाळ नेला, की त्यात साडेनऊ टँकर नुसतं पाणी असतं. भाडं मात्र पुऱ्या दहाचं. म्हणून आम्ही यंत्रात कापडातून गाळ पिळून त्याच्या वड्या पाडतो.

गंमत बघ, नुसता जोर लावला तर कापड चोंदतं. चिमूटभर औषध घातलं, की गाळ दुधासारखा नासतो नि पाणी आपणहून सुटतं. कसं सुटत असेल गं?

साहेब म्हणाले, "वडी कोरडी निघाली तरच कंत्राट वाढेल." मी यंत्राला कान लावून ठणकावलं, "खडखडीत वाळलीय!"

तुझा खोकला कसा आहे? खरं काय ते कळव.

तुझाच,
गाळवाला

ता. क. कंत्राट वाढलं, काळजी नको. तपासणीत वडीत चारातले तीन भाग पाणीच निघालं. इथे तिलाच कोरडी म्हणतात.