फकीरभाईंनी जोडलेला संगणक आणि माझं जे काही आहे ते

मी, पंचफुला कचरू इंगळे, वय त्रेसष्ट, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय ही इच्छा नोंदवून ठेवते. स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या बोटांनी टाईप करते आहे; त्याचा आनंद लपवता येत नाही.

१. गावातला पहिला संगणक रेडिओ दुरुस्त करणारे फकीर मोहम्मदभाई यांनी १९९८ साली अकोल्याहून सुटे भाग आणून जोडला. मी सातवी शिकलेली, त्यांच्या दुकानात झाडू मारायची. एकदा बघत उभी राहिले, तर म्हणाले, "पाहून काय राह्यली? बस. बटन दाबल्यानं काही फुटत नाही." मी माझं नाव उमटवलं. त्या दिवशी झाडायचं राहूनच गेलं. पुढं हे जग सोडून जाताना त्यांनी तो मलाच दिला. आता बंद आहे. तरी तो त्यांची मुलगी रुबिना हिला द्यावा. भंगारात घालू नये.

२. चालू संगणक, प्रिंटर आणि दोन खोल्यांचं घरही रुबिनाचं. २०११ साली गावाच्या बीटी कापसाला बोंडंच धरली नाहीत. बियाणं कंपनीचा माणूस म्हणाला, "तोंडी चालत नाही. प्रत्येकाचा वेगळा अर्ज पाह्यजे, परवापर्यंत." वीज नव्हती. रुबिनाने ट्रॅक्टरची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडली आणि मी एकसष्ट अर्ज टाईप केले. पंचनामा झाला, भरपाई मिळाली. एवढा हर्ष मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

३. माझं एक एकर शेत भाऊ धम्मदीप याला. "बाईले डब्बा काऊन पाह्यजे?" असं तो माझ्या संगणकाबद्दल चारचौघांत बोलला होता. त्या एकसष्टांत पहिला अर्ज त्याचाच होता. राग नाही, पण फेरफाराचा अर्ज त्याने त्याच डब्ब्यावर स्वतः टाईप करावा.

४. बँकेतली शिल्लक कागद आणि शाईसाठी. घराची पुढची खोली संगणक शिकणाऱ्या बायांना उघडी राहावी.

यापूर्वी मी असं काही लिहिलेलं नाही. पुढं मन बदललं तर नवं लिहीन, फाईल माझ्याकडेच आहे.

सही: पंचफुला कचरू इंगळे

साक्षीदार: डॉ. अल्तमश शेख
साक्षीदार: सत्यभामाबाई तायडे (आजवर अंगठा लावत आल्या. हे त्यांचं नाव त्यांनी स्वतः टाईप केलं, अकरा मिनिटांत. मी हात लावला नाही.)

पिंपळगाव राजा, ९ मार्च २०१४