रेकॉर्डर बंद असताना

१२ मार्च, मंगळवार

सगळं बदललं ते गेल्या बुधवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी. वर्गातल्या घड्याळाकडे नेमकं तेव्हाच लक्ष गेलं होतं, म्हणून वेळ ठाऊक. अकरा एकोणीसला माझ्याकडे जोसलिन होती, दर रविवारचं सूप होतं. अकरा वीसला मी तोंड उघडलं!

सहा दिवस वही उघडली नाही. आज लिहितो. नाही लिहिलं तर कुणाला तरी ठोसा मारीन.

झालं असं — आमचा वर्ग आशिया आणि कॅनडा यांच्या नात्याचा. प्रत्येकानं एक म्हातारं माणूस गाठायचं, ते इथं कसं आलं ते त्याच्या तोंडून रेकॉर्ड करायचं, मग वर्गासमोर मांडायचं. मी जोसलिनच्या आजोबांना धरलं. क्वोंग गिम-वाह, वय एक्याऐंशी. ती त्यांना येये म्हणते, म्हणून मीही म्हणायला लागलो. सहा रविवार त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. सहाव्या रविवारी जोसलिन पाव आणायला खाली गेली, तेव्हा त्यांनी स्वतः बोट लांब करून रेकॉर्डर बंद केला. म्हणाले, "लंबू, आता खरं ऐक. मी क्वोंग नाही. मी सीतो. क्वोंगांचा पोरगा तिकडे गावातच तापानं गेला, त्याच्या कागदावर मी बोटीत चढलो. चौदा वर्षांचा होतो."

त्या काळी इथं राहणाऱ्याचा मुलगा असल्याशिवाय चिनी पोराला आत घेत नसत. मग असे कागद चालायचे. वर्गात आम्ही हे शिकलोच होतो. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि सूप वाढणाऱ्या माणसानं सांगणं वेगळं.

बुधवारी मी मांडत होतो, आणि मागून टायलर म्हणाला — "म्हणजे खोटं बोलूनच घुसले की सगळे. फसवणूकच ती."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "ज्यांना तू फसवे म्हणतोस ना, त्यातला एक माणूस बावीस वर्षं क्वोंग आडनावाच्या लोकांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे! आणि तो क्वोंग नाहीच! सीतो आहे! सदुसष्ट वर्षं मेलेल्या पोराचं नाव अंगावर घालून जगलाय तो — तू एक दिवस जगून दाखव!"

मला वाटलं, जिंकलो.

मग दुसऱ्या रांगेत जोसलिन दिसली. तिला माहीत नव्हतं! तिच्या आजोबांनी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. स्वतःच्या वहीवर लिहिलेल्या स्वतःच्या नावाकडे बघत होती. जोसलिन क्वोंग.

१३ मार्च

फोन केला. नाही उचलला. परत केला. नाही.

१५ मार्च, शुक्रवार

कॉलेज सोडलं. झालं एकदाचं.

नाकात्सूबाईंनी बोलावलं होतं. आमच्या प्राध्यापिका, आवाज कधी चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "नियम दोनच होते, जुझार. रेकॉर्डर बंद असताना बोललेलं आपलं नाही. आणि जे आपलं आहे, ते वर्गात आणण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं, त्यांनी खोडलं ते खोडायचं."

मी म्हणालो, टायलरनं काय म्हटलं ते ऐकलंत ना?

"ऐकलं. टायलरला उत्तर मी देणार होते."

मग म्हणाल्या, "लढाईत, आम्ही जपानी म्हणून, सरकारनं माझ्या आजीचं घर काढून घेतलं. बोट, शिवणयंत्र, लेकीची बाहुलीसुद्धा. सगळं नीट यादी करून नेलं. आमच्या लोकांचा लिहून घेणाऱ्यांवर लवकर विश्वास बसत नाही. क्वोंगआजोबांचा तुझ्यावर बसला होता."

मी खुर्ची ढकलली. म्हणालो, मला नकोच हा तुमचा अभ्यास, लोकांच्या जखमा जमवायच्या आणि गुण द्यायचे! बरंच काय काय बोललो. खाली जाऊन नाव काढायचा अर्ज भरून टाकला.

एव्हरेट नावाचा एक मुलगा आहे वर्गात. त्याची मावशी मंडळाच्या स्वयंपाकघरात असते. म्हणजे बुधवारी दुपारीच सगळ्या चायनाटाउनला कळलं असणार.

१९ मार्च

चाच्याबरोबर कामाला लागलो. नव्या घरांच्या भिंतींना जिप्समच्या पाट्या ठोकायच्या. चाचा म्हणाला, "कॉलेजात शिकलास तेवढं पुरे, आता शिडी धर." डॅडी बोलतच नाहीत. मम्मी जरा जास्तच बोलते. "पोरगी गोरी असती तरी समजून घेतलं असतं, चिनी आहे तेही समजून घेतलं असतं. ती तर तुझ्याशी बोलतही नाही, आणि तू कॉलेज सोडून बसलास!"

४९ नंबरची बस समोरून गेली. जोसलिनच्यासारखा हिरवा रेनकोट दिसला. ती नव्हती.

२४ मार्च, रविवार

आज नववा रविवार असता.

त्यांच्याकडे सूप सकाळपासून मंद आचेवर असायचं. कमळाचे देठ, डुकराचं हाड, लाल खजूर. येये विचारायचे, "जेवलास?" मी हो म्हणालो तरी वाडगा पुढे. जोसलिन एग टार्टची कड आधी खायची आणि मधला भाग शेवटी. मी तिला म्हणायचो, तू आयुष्यही असंच उलटं खाणार. ती हसायची. डाव्या हातानं लिहिते, म्हणून तळहाताच्या कडेला कायम निळी शाई.

खरं लिहू? हा वर्ग मी आशियासाठी घेतला नव्हता, कॅनडासाठीही नाही. तिनं घेतला म्हणून घेतला.

आणि हेही लिहून टाकतो. टायलरवर चिडून बोललो असं सगळ्यांना सांगत सुटलोय. चिडलो होतोच. पण टायलरला गप्प करायला "फसवणूक काय असते ते आधी शीक" एवढं पुरलं असतं. नाव कशाला घेतलं? ती दुसऱ्या रांगेत होती म्हणून. तिनं बघावं, मी तिच्या आजोबांसाठी कसा लढतोय. बघितलं तिनं!

संध्याकाळी बीबीजवळ बसलो. तिला, माझ्या आजीला, सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "तुझे आजोबा, आपले बाबाजी, कुणाचा मुलगा म्हणून या देशात आले, ठाऊक आहे?"

मी ताडकन उठलो. "कुणाचा? त्यांच्या वडिलांचाच ना? बीबी, सांग ना!"

"नाही सांगत," बीबी म्हणाली. "तू वर्गात सांगशील."

२८ मार्च

नाकात्सूबाईंचं जाड पाकीट आलं. आत माझ्याच रेकॉर्डिंगची टाईप केलेली एक्केचाळीस पानं आणि चिठ्ठी. "वर्ग सोडता येतो. हे वाचून दाखवायचं राहिलंय, ते सोडता येत नाही."

चिठ्ठी चुरगाळली. मग सरळ केली.

३० मार्च, शनिवार

गेलो.

दार जोसलिननं उघडलं. एकच म्हणाली, "बूट काढ." नेहमी म्हणायची तसंच, पण नेहमीसारखं नाही. आणि आत निघून गेली.

येये टेबलाशी. समोर सूप नव्हतं. मी पानं ठेवली, माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "आधी वाच."

वाचलं. एक्केचाळीस पानं, मोठ्यानं. बोट, लॉन्ड्रीतले दिवस, मंडळाच्या वरच्या खोलीत दहा जण झोपायचे ते, बायको इथं यायला किती वर्षं लागली ते. त्यांच्या हातात लाल पेन्सिल. पान वाचून झालं की ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढायचे. राग नाही, घाई नाही. चाळीस रेघा. प्रत्येक रेघेचा आवाज ऐकू येत होता.

सदतिसाव्या पानावर थांबले. मासा कसा वाफवायचा ते त्यांनी सांगितलं होतं. "हे ठेव," म्हणाले. "मासा कसा वाफवायचा ते पोरांना कळू दे."

मी म्हणालो, "येये, तुमचं नाव तर यात कुठेच नाही. ते मी फक्त —"

"नाव यात नाही म्हणूनच ही पानं तुला देता आली होती, लंबू."

जिना उतरताना आठवलं, पुढच्या रविवारी छिंगमिंग आहे, त्यांचा पितरांचा दिवस. मंडळ दरवर्षी स्मशानात जातं, पूर्वजांना भाजलेलं डुक्कर ठेवतं, आणि पहिला नमस्कार अध्यक्षाचा. बावीस वर्षं त्यांचा. किती रविवारी सांगितलं होतं त्यांनी! त्यांच्या बायकोची कबर तिथंच, मंडळाच्या रांगेत. शेजारची जागा त्यांची.

ती असेल ना अजून त्यांची?

७ एप्रिल, रविवार

गेलोच. कुंपणाबाहेर फ्रेझर रस्त्यावर उभा राहिलो. मला कोण आत बोलावणार!

सगळे आले. फुलं, उदबत्त्या, संत्री, तीन छोटे पेले. डुक्कर लाल चकचकीत. येये शेवटच्या गाडीतून उतरले. काळा कोट. पुढे गेले नाहीत. तिसऱ्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढची जागा मोकळी. सगळे थांबले. कुणी मागे वळून बघितलं नाही. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग उपाध्यक्ष पुढे झाले आणि त्यांनी पहिला नमस्कार केला. मोठे जाड गृहस्थ, वाकताना त्यांचे कानसुद्धा लाल झाले.

येयेंनी तिसऱ्या रांगेतून तीनदा वाकून नमस्कार केला. कुणाच्या पूर्वजांना? त्या तापानं गेलेल्या पोराच्या पूर्वजांना. सदुसष्ट वर्षं तो पोरगा म्हणून.

मला तिथंच कुंपण चढून ओरडावंसं वाटलं. परत! परत तेच!

एव्हरेटची मावशी बाहेर आली. बुटकी बाई, हातात सुरी आणि अॅल्युमिनियमचा कागद. माझ्यापुढे पुडी धरली. "खा. उपाशी माणसावर ओरडता येत नाही मला."

खाल्लं. कातडी कुरकुरीत.

"तूच ना तो लंबू पोरगा?"

मी म्हणालो, हो. म्हणालो, माझ्यामुळे तुम्हाला कळलं, नाहीतर —

ती हसलीच. "तुझ्यामुळे? अरे वेड्या, आम्हाला केव्हाचं ठाऊक होतं! माझ्या सासऱ्यांनाही ठाऊक होतं. उपाध्यक्षांना ठाऊक आहे. त्या उपाध्यक्षांचं खरं आडनाव काय, तेही मला ठाऊक आहे."

"मग —"

"मग काय! सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नव्हतं, म्हणून ते क्वोंग होते. अध्यक्षसुद्धा आम्हीच केलं, बावीस वर्षं. आता तू बोललास. आता आम्हाला ठाऊक नाही, असं आम्हालाही म्हणता येत नाही. त्यांनाही पुढे उभं राहता येत नाही." सुरी कागदाला पुसली. "कबरीची जागा त्यांचीच आहे, काळजी करू नको. पण पहिला नमस्कार गेला."

मी तिथंच रडलो. ती म्हणाली, "रडून डुक्कर खारट करू नको," आणि आत गेली.

८ एप्रिल

म्हणजे मी गुपित फोडलंच नाही. त्याहून वाईट काहीतरी फोडलं. त्याला नावच नाही.

११ एप्रिल

जोसलिनचा फोन!

"येयेंनी शनिवारी बोलावलंय. रेकॉर्डर घेऊन ये म्हणालेत."

"तू कशी आहेस?"

"रेकॉर्डर विसरू नको." ठेवला.

१२ एप्रिल

रेकॉर्डर वर्गाचा. नाकात्सूबाईंकडे मागायला गेलो. मी बोललेलं सगळं आठवत होतं, त्यांनाही आठवत असणार. त्यांनी कपाट उघडलं, दिला. म्हणाल्या, "बॅटरी नवी घातली आहे." मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ज्यांची माफी मागायची त्यांच्या रांगेत माझा नंबर फार मागे आहे."

१३ एप्रिल, शनिवार

सूप होतं! वाडगा पुढे आला. "जेवलास?"

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. येयेंनी चष्मा लावून लाल दिवा बघितला. मग बोट लांब करून बंद केला.

मी म्हणालो, "बंदच करायचा होता, तर आणायला कशाला सांगितलात?"

"आणलाच नसतास तर बंद काय केलं असतं?" म्हणाले. "आता ऐक."

अर्धा तास बोलले. काय, ते इथं लिहीत नाही.

उठलो. दाराशी जोसलिन उभी होती. तळहाताला शाई. महिन्यानंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत होती.

"काय म्हणाले?"

मी रेकॉर्डर पिशवीत टाकला.

"जुझार. माझे आजोबा आहेत ते. अख्ख्या वर्गाला सांगितलंस, आणि मला सांगणार नाहीस? सांग. सांग, म्हणजे मी मागचं सगळं विसरते."

तिला माझा हात धरायचा होता. धरलाही. किती रविवार मी याच्यासाठी बसलो होतो!

"रेकॉर्डर बंद होता," मी म्हणालो. "ते आत आहेत. तूच विचार त्यांना."

तिनं हात सोडला. मी बूट घातले, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.