गाळलेलं नाव

गुरुजी, सोमवारी शाळा उघडते. दोन दिवस झाले, मी एकटाच वर्ग लावतोय. खिडकीतलं कबुतराचं घरटं रिकामं होतं म्हणून काढलं, फळ्याला काळा रंग दिला, सरस्वतीच्या फोटोची काच पुसली. तुमच्या वेळी खोली शेणानं सारवलेली असायची आणि झाडण्याआधी आम्ही मुलं ओंजळीनं पाणी शिंपडायचो. आता फरशी आहे, तिच्यावर शंभरापर्यंत आकडे रंगवलेत, पण धूळ तीच. बाहेर मेडशीच्या रस्त्याला सोयाबीनची पेरणी चालली आहे. मीही मास्तर झालो, हे तुम्हाला पाहायला मिळालं नाही. मी डी.एड.ला होतो तेव्हाच तुम्ही गेलात.

झाडणं तेवढं राहिलं होतं, ते ठेवून आधी हजेरीपत्रक घेतलं. जुन्या यादीवरून नवी उतरवायची, तिसरीची मुलं चौथीत न्यायची, एवढंच काम. बाराव्या नावाशी हात थांबला. ती मुलगी मे महिन्यात तापानं गेली. वाशिमला नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. मी तिचं नाव गाळलं, तेराव्या मुलाला बारावा नंबर दिला आणि तसाच पेन धरून बसून राहिलो.

मी चौथीत जाणार होतो, बहीण दुसरीत. चारही वर्ग एकाच खोलीत भरायचे. त्या उन्हाळ्यात हगवण-उलट्यांनी ती एका दिवसात गेली. तुम्ही सुट्टीत तुमच्या गावी, तिकडे इंझोरीजवळ असायचात, आणि नवं हजेरीपत्रक तिथेच बसून सुंदर अक्षरात लिहून आणायचात. पहिल्या दिवशी तुम्ही जऊळक्याला एस.टी.तून उतरून सायकलनं थेट शाळेत आलात, गावात कोणाशी बोलणं झालेलं नव्हतं. तुम्ही दुसरीची नावं घेताय. तिचं नाव येतं. सगळी मुलं वळून माझ्याकडे बघतात. आणि मी म्हणतो, "हजर, गुरुजी." का म्हणालो, मला अजून सांगता येत नाही. ते नाव तसंच एकटं पडून राहू नये, असं काहीतरी वाटलं असेल.

"काहून रे, तुले दोन नावं हायेत काय? दुसऱ्याची हजेरी देतं?" तुम्ही उठून माझ्या तळहातावर पट्टी मारलीत. दुसऱ्यांदा उगारली तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ते मेली ना. त्याची बहीन."

मधल्या सुट्टीत तुम्ही आमच्या घरी आलात. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिलात. "माही चूक झाली, बाई," एवढंच म्हणालात. माय चुलीपाशी होती. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि तुमच्याकडे न बघता म्हणाली, "चूक कायची, गुरुजी? महिना झाला, या घरात तिचं नाव कोणी काढत नाही. तुमी तं हाक मारली तिले." तुम्ही चहाचा एक घोट घेतलात. बशी खाली ठेवून तुम्ही माझा तो लाल झालेला हात तुमच्या हातात घेतलात आणि बराच वेळ सोडला नाहीत.

आज दुपारी शाळेत खिचडी शिजवणारी बाई भांडी घासायला आली. मे महिन्यात गेलेल्या त्या मुलीची ही आई. यंदा ती यायची नाही असं मी धरून चाललो होतो. दारातूनच म्हणाली, "सर, ठेवा तो झाडू. कचरा काढून राह्यले का साऱ्या वर्गाले वाटून राह्यले? घरी मॅडम झाडूले हात लावू देत नसतीन." मी हसलो. तिनं झाडू हिसकावून घेतला आणि पाच मिनिटांत खोली लख्ख केली. मग टेबलावरच्या उघड्या हजेरीपत्रकाकडे तिचं लक्ष गेलं. तिला वाचता येत नाही, पण लेकीचं नाव ओळखता येतं. लेकीनंच शिकवलं होतं. ती पानावरून बोट फिरवत खालपर्यंत गेली. पुन्हा वरून सुरू केलं.

"काढलं का, सर?"

"काढावं लागते, ताई. नियम हाये."

"तं लिवू नका. पन सोमवारी तोंडानं घ्यान का एक डाव? मी तिकडून, सयपाकाच्या खोलीतून रोज आयकत होती. तिचं 'हजर सर' झालं का मंग मी तांदूय धुवाले घ्याची. आता कवा धुवा?"

"घेतो," मी म्हणालो.

"पोरं भेतीन का?"

"नाही भेत."

ती भांड्यांकडे गेली. राखेनं पातेलं घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी सरस्वतीपुढे उदबत्ती लावली, हात जोडले. रोज काहीतरी मागतो, आज काय मागावं ते सुचलं नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. त्या पट्टीचा राग मला कधीच नव्हता, गुरुजी. राग होता तो दुसऱ्या दिवसाचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही हजेरी घ्यायला लागलात तेव्हा मी "हजर" म्हणायला तयार बसलो होतो. तुम्ही तिच्या आधीचं नाव घेतलंत, मग नंतरचं. मध्ये थांबलासुद्धा नाहीत. एवढ्याशा गोष्टीचा राग मी तुम्ही असेपर्यंत धरला, तुम्ही गेल्यावरही धरला. तुमच्या मातीला मी आलो नाही. परीक्षा आहे असं घरी सांगितलं होतं, परीक्षा नव्हती.

सोमवारी मी त्या मुलीचं नाव घेईन. मंगळवारीही ती बाई तिकडून ऐकत असेल. आणि मी, तुम्ही त्या दुसऱ्या दिवशी पुढे गेलात तसाच, अकराव्या नावावरून थेट पुढच्यावर जाईन.