इंजिन वॉरंटीत, गॅस्केट बाहेर

३ जून २०२४

आज पाच नकार लिहिले. जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपनीत क्लेमचं टेबल माझं. गिऱ्हाईक वॉरंटीचं मोठं अक्षर वाचतं, मी खालचं बारीक वाचते. पगार त्या बारीक अक्षराचाच!

४ जून

कडोदऱ्याहून लोटूभाऊ आले. चार महिन्यांपूर्वी आमच्याकडूनच व्हॅन घेतलेली. बायको, प्रमिलाबाई, लूमवरच्या कामगारांचे डबे करते, हे पोचवतात. हायवेवर इंजिन तापलं आणि जाम झालं. तीन दिवस डबे बंद, अर्धी माणसं दुसऱ्या खानावळीत गेली.

"ताई, इंजिन वॉरंटीमा शे ना?"

आहे म्हटलं. केवढं बरं वाटलं त्यांना. मलाच कसंतरी झालं.

६ जून

मेकॅनिकचा रिपोर्ट आला. इंजिनमधलं गॅस्केट फाटलं, पाणी निघून गेलं, म्हणून इंजिन जाम. आमचे साहेब हसमुखभाई एकदम खूश. गॅस्केट झिजणारा भाग, तो वॉरंटीत नाही. आणि वॉरंटीत नसलेल्या भागापायी वॉरंटीतला भाग गेला, तर तोही वॉरंटीत नाही. थोडक्यात, इंजिन वॉरंटीत आहेच – फक्त ते आपखुशीनं बिघडायला हवं!

गुजरातीत नकाराचं पत्र लिहिलं. फार छान जमलं. 'नैसर्गिक झीज' हे शब्द माझेच. खाली सहीही माझीच.

७ जून

जेवण गेलं नाही. डब्यात माझी आवडती वांग्याची भाजी होती, तीसुद्धा.

११ जून

लोटूभाऊ पत्र घेऊन आले, सोबत प्रमिलाबाई. दोघांनाही गुजराती वाचता येत नाही. मग मीच माझं पत्र वाचून दाखवलं. लिहिताना वाटलं होतं तेवढं छान नव्हतं ते.

लोटूभाऊ मान खाली घालून बसले. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणाऱ्यांची मला सवय आहे. प्रमिलाबाईंनी एवढंच विचारलं, "गॅस्केट इंजिनना आत शे का बाहेर?"

आत, म्हटलं.

"मंग?"

सहा वर्षं हे काम करते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

१३ जून

दुपारच्या सुट्टीत दोघांना इच्छापोरच्या नाक्यावर बोलावलं. चहाच्या टपरीवर बसून ग्राहक कमिशनकडची तक्रार लिहून दिली. म्युनिसिपालटीच्या शाळेतलं गुजराती कामाला आलं! कंपनीच्या पळवाटा तोंडपाठ, निम्म्या मीच बांधलेल्या. लोटूभाऊ म्हणाले, टाइप करून घेतो आणि कमिशनात देतो. आईला बोलले नाही. ती म्हणेल, आधी नोकरी सांभाळ.

२९ जुलै

कमिशनची नोटीस आली. हसमुखभाईंनी तक्रार दोनदा वाचली. म्हणाले, या डबेवाल्यानं वकील जबरदस्त गाठलाय, फी किती घेतली असेल! मी चहा पीत होते, ठसका लागला. विरुद्ध पक्ष क्रमांक एक कंपनी, क्रमांक दोन मी. नकारावर सही माझी, तर दुसऱ्या कुणाचं नाव घालणार होते मी?

उत्तर लिहायला कागद माझ्याच टेबलावर ठेवून गेले. "नीलमबेन, जवाब तमे ज लखो. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

३० जुलै

लिहिला. एकच ओळ – तक्रारीतलं सगळं खरं आहे. खाली सही केली आणि कमिशनात स्वतः नेऊन दिला.