खोडण्याआधी एक प्रत

४ मार्च
गेलं! तिसरं प्रकरण पुन्हा गेलं! बाबांचं बोट थरथरतं, खोडायच्या बटणावर अडकून बसतं. मग घाबरून ते सगळं सेव्ह करून लिहायचा प्रोग्रॅम, एडिटर, बंद करतात — म्हणजे परत आणायचा रस्ताही बंद.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. आता हात चालत नाही म्हणून ती सगळी विद्या पुस्तकात उतरवतायत. घड्याळ-दुरुस्ती शिकवणाऱ्या एका शाळेला तीस तारखेपर्यंत हवंय. हात महिन्यागणिक बिघडतोय. आत्ता नाही झालं तर कधीच नाही होणार, ही धास्ती मलाच जास्त.

साडेपाचला ऑफिसातून थेट त्यांच्याकडे. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा टाईप केलं. आठ वाजले.

५ मार्च
मी प्रोग्रॅमर ना? मग कपाळाला हात लावून काय बसायचं! एडिटरमधला खोडायचं काम करणारा कोड, ते मूळ फंक्शनच उचललं, त्याची कॉपी करून मूळच्या जागी बसवली, मधे माझ्या चार ओळी घुसडल्या — काहीही खोडण्याआधी त्याची एक प्रत वेगळ्या फाईलमध्ये ठेव. झकास चालतंय. स्वतःचीच पाठ थोपटली.

९ मार्च
घाई नडली. एडिटर अपडेट झाला, आतलं सगळं बदललं, माझी जुनी कॉपी मात्र ठाण मांडून बसलेली. आता बटण दाबलं तरी काही खोडलंच जात नाही! बाबा फोनवर — "अगं, चूक केली की ती जन्माचीच का आता?"

१० मार्च
आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने, त्यांना आम्ही मास्तर म्हणतो. त्यांना दाखवलं. पोट धरून हसले. "पाहुणी म्हणून गेलीस आणि भिंत पाडून आलीस! मूळ फंक्शनला हात लावायचा नाही. दारात आपला राखणदार बसवायचा. आत जाणाऱ्याला आधी तो अडवतो, आपलं काम करतो, मग सोडतो. आतल्या खोल्या बदलल्या तरी त्याला काय?"

एडिटरमध्ये त्यासाठी सोयच आहे म्हणे! इतकी वर्षं वापरतेय आणि मला पत्ता नाही.

११ मार्च
बसवला राखणदार. पाच ओळी फक्त! मूळ फंक्शन जसंच्या तसं.

१२ मार्च
अरे देवा. प्रत एकदा नाही, तीनदा उमटतेय! काल तीनदा सुधारणा केली. दर वेळी नवा राखणदार बसला आणि जुने उठलेच नाहीत. उठवावं तर एकालाही नाव दिलेलं नाही — हाक काय मारणार, कप्पाळ?

मास्तर म्हणाले, "आधी नाव ठेव, मग कामाला लाव." एडिटर बंद करून तिघांना घालवलं. नव्याचं नाव 'जपणूक'. आता बदल केला की जुन्याच्याच जागी नवा बसतो, नको झाला तर एका ओळीत निघतो. खोडल्याची वेळसुद्धा लिहून ठेवतो.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. हाताचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उतरतो.

१७ मार्च
गेलं — आणि पाच मिनिटांत परत आलं! अख्खं सातवं प्रकरण! "सापडलं बाबा!" मी अक्षरशः नाचले. "इतक्यात?" म्हणाले. मग, "बरं झालं हो," आणि चष्मा पुसत बसले. मी सहाला घरी. किती दिवसांनी उजेडात घरी आले!

२० मार्च
नववं गेलं. चहा निवायच्या आत परत आणलं.

२४ मार्च
फोनवरच विचारलं. काही गेलेलं नाही. मग त्यांच्याकडे गेले नाही.

२६ मार्च
बाबांचं शेवटचं प्रकरण झालं!! फोनवर मीच ओरडले, ते आपले "हो, झालं बाई एकदाचं." मास्तरांना चहा पाजला. "तुझ्या बापाला पाज," म्हणाले.

२७ मार्च
ऑफिसातून निघतानाच फोन — "शेवटचं गेलं गं. येतेस?" धावत गेले. बाबा चहा ठेवायला आत गेले, मी प्रतींची फाईल उघडली.

खोडल्याची वेळ पाच वाजून दहा मिनिटं, मी ऑफिसातून निघायच्या जरा आधी. अख्खं प्रकरण, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, एकाच फटक्यात. अडकलेलं बोट एकेक अक्षर खातं. मागे जाऊन पाहिलं. सातवं, नववं — दोन्ही तशीच, नीट निवडून खोडलेली. आनंदाच्या भरात मी बघितलंच नव्हतं.

बाबा कप दोन्ही हातांनी धरून आले. "नाही ना सापडत?"

"नाही हो बाबा," मी फाईल बंद केली. "सांगा पहिल्यापासून, मी टाईप करते."