आत्याच्या सायकलचे टायर

फुलचूर, ३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तू ऐकून न घेता ठेवून देतेस, म्हणून लिहून राहिलो. अंगणवाडीतून रिटायर झाल्यावर लोक आराम करतात. तुला सायकलनं पुरीचा समुद्र पाहायचा आहे. ठीक. पण ती लाल रेसची सायकल घेऊ नकोस. टायर बोटाएवढे बारीक, कॅरियर बसवायला जागा नाही. लांबच्या रस्त्याला लोखंडी फ्रेम अन् रुंद टायर पाहिजेत. आई म्हणते, साठीत हे खूळ नकोच. मी म्हटलं, खूळ जाणार नाही, टायर तरी बरे असू दे.
रागावलीस तरी माया आटवू नकोस.
तुझा ओमेश

केशोरी, १७ नोव्हेंबर

चि. ओमेश,
अ. आ. तुहं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच लाल सायकल घेतली. हासू नको. सामानाची सवय व्हावी म्हणून दहा किलो तांदूळ सीटमागं बांधला अन् अर्जुनीकडं निघाली. एका खड्ड्यात मागचा टायर बसला. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यावानी. तिथंच बसून रडली मी. तुह्या आईले सांगू नको. टायरसाठी नाही रे. तीस वर्षं दुसऱ्यायच्या लेकरायचं वजन लिहिलं. सोतासाठी पहिल्यांदा काही घेतलं, अन् थेही चुकलं.
ढकलत अर्जुनीले नेली. भोजराज मिस्त्रीनं विचारलं, शर्यत लावाची आहे का सामान न्यायचं? मी म्हटलं, समुद्र पाहाचा आहे. थो हासला नाही. लाल सायकल त्याच्या पुतणीले, रीनाले, शर्यतीसाठी पाहिजेच होती, तिले देल्ली. त्यानं माह्यासाठी लोखंडी फ्रेम जुळवली, पस्तीस मिलिमीटरचे रुंद टायर चढवले, अन् पंक्चर मलेच तीनदा काढायले लावलं. आता तांदूळ बांधून रोज नवेगावाकडं जाऊन राहिली.
म्हाताऱ्या आत्यावर जीव असू दे.
प्रेमिला आत्या

पुरी, २९ डिसेंबर

चि. ओमेश,
अ. आ. पोहचली! सतरा दिवस लागले. ओडिशात एकदा खिळा घुसला; मीच काढला, चार बाया पाहत उभ्या होत्या. समुद्र दिसला. मीठ लागून चेन गंजेल म्हणून सायकल दूर चहाच्या टपरीले टेकवली अन् एकटीच गळ्यापर्यंत भिजून आली. खारट पाणी नाकात गेलं, तरी हासत होती.
आता एक काम कर. परत रेल्वेनं येईन, असं तुह्या आईले वचन देल्लं आहे. पण टायर अजून लय चांगले आहेत. तूच समजावून सांग तिले.
हे सांगितल्यावरही तुमचा सगळ्यायचा लोभ उरला, तर माह्यासाठी राखून ठेव.
प्रेमिला आत्या